पिअर (एकमेकांशी जोडायची मशीनं) जुळत नसतील तर आधी राउटर बघ

भाऊ, सिंकथिंग (दोन मशीनांतल्या फाइली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) परत परत इन्स्टॉल करणं आता थांबव. जळगावच्या दुकानातलं नि अमळनेरच्या घरातलं मशीन एकमेकांना दिसत नाहीये यात बहुतेक सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन्हीकडे राउटरच्या सेटिंगमधे वॅन आयपी (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघ, मग ब्राउझरमधे 'माझा आयपी' शोध, आकडे वेगळे आले नि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर समज नेटवाल्याने तुला सीजीनॅटमागे टाकलंय, म्हणजे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, मग तू कितीही पोर्ट फॉरवर्ड कर (बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून आपल्या मशीनकडे वळव), बाहेरून कोणी तुझ्यापर्यंत थेट पोचणारच नाही. सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात नि उगाच रात्र घालवतात, फार वाईट वाटतं बघून.

दोन्हीकडे पब्लिक आयपी लागत नाही रे, एका टोकाला मिळाला तरी भागतं, कारण दुसरं टोक स्वतःहून जोडून घेतं. दुकानासाठी नेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा पब्लिक आयपी) माग, तिथल्या राउटरमधे सिंकथिंगचं २२००० पोर्ट उघड, टीसीपी नि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) दोन्हीकडे चालत असेल तर नॅटची, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटण्याची, कटकटच नाही, फक्त राउटरची फायरवॉल बघावी लागते.

स्क्रीनवर 'रिले' (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणी) दिसलं तर घाबरू नको, डेटा एन्क्रिप्टेडच जातो, फक्त स्पीड मार खातो. आणि एकाच घरातली दोन मशीनं दिसत नसतील तर एखादं गेस्ट वायफायवर आहे का बघ, नाहीतर यूडीपी २१०२७ (जवळची मशीनं शोधायचं पोर्ट) अडतंय.

वॅन आयपीचे पहिले दोनच भाग (जसं १००.६४) मला पाठव, पूर्ण नको.