जो दाखल नाही, तो दाखला नव्हे

फोर्टात वकिली करणाऱ्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने कधीच न झालेल्या खटल्यांचे निकाल रचून दिले, की वर्तमानपत्रं ‘एआयने चुकीचे दाखले दिले’ असं छापतात. इथे ‘चुकीचा दाखला’ म्हणावं की ‘खोटा दाखला’? आणि यंत्राच्या या खोडीला ‘भ्रम’ म्हणणं बरोबर आहे का?

‘चुकीचा दाखला’ साफ चूक आहे आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वाद जागेच्या भाड्याचा आणि निकाल जामिनाचा, असं असेल तर दाखला चुकीचा. त्यासाठी ‘गैरलागू’ हा नेमका शब्द कोर्टात रोज वापरला जातो. पण जो खटला उभाच राहिला नाही, त्याचा दाखला चुकीचा कसा असेल? दोन्हींना एकच शब्द लावला की वकिलाची हयगय कुठली आणि निव्वळ बनाव कुठला, हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

शाळा सोडल्याचा, उत्पन्नाचा, जन्माचा दाखला सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मूळ बघा. अरबीत द-ख-ल या धातूचा अर्थ आत शिरणं. तिथून फारसीत दाखिल, आणि फारसी दफ्तरातून मराठीत दाखल, दाखला, दखल ही सगळी भावंडं आली. दाखला म्हणजे दफ्तरात शिरलेली नोंद, आणि मग त्या नोंदीचा पुरावा. बंगालमध्ये जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, भरल्याच्या पावतीला दाखिला म्हणत, कारण रक्कम जमेत शिरल्याची ती खूण होती. कन्नडमध्ये आजही ‘दाखले’ म्हणजे कागदपत्र, अभिलेख. आपल्याकडे शब्द ‘उदाहरणा’कडे वळला तो यातूनच: दफ्तरात आधीची अशी नोंद आहे, म्हणून आताही तसंच व्हावं.

यातला मला सगळ्यात आवडणारा पुरावा कोर्टातला नाही, बोलण्यातला आहे. ‘उदाहरणादाखल’, ‘नमुन्यादाखल’, ‘कौतुकादाखल’ यांतलं ‘दाखल’ कुठून आलं? माझं मत असं की ते जमाखर्चाच्या वहीतून आलं. वहीत प्रत्येक रक्कम कुठल्या तरी सदराखाली दाखल व्हायची. इनाम म्हणून दिलेली बक्षिसादाखल, सौदा पक्का करायला दिलेली विसारादाखल. सदराचं नाव आणि पुढे ‘दाखल’, एवढी कारकुनी नोंद हळूहळू बोलीत उतरली आणि शब्दयोगी अव्यय होऊन बसली. आजी नातवाच्या हातावर कौतुकादाखल पन्नासची नोट ठेवते, तेव्हा ती पैसे कौतुकाच्या खात्यावर टाकत असते! व्याकरणाची पुस्तकं या अव्ययाला एक ओळ देऊन पुढे जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘दखलपात्र गुन्हा’ही याच घरातला. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाची वाट न पाहता पोलिसांना ज्यात शिरता येतं, तो दखलपात्र. यावर एक हरकत नेहमी येते, की अदखलपात्र गुन्ह्याचीही ठाण्यात नोंद होतेच, मग नोंदीचा अर्थ कुठे राहिला? पण इथे नोंदीच्याही आधीचा अर्थ जिवंत आहे. शिरायचं आहे ते तपासात.

एका नावाजलेल्या भाषाभ्यासकांनी व्याख्यानात ‘दाखला’ हा ‘दाखवणे’पासून आला असं ठासून सांगितलं, आणि तेव्हापासून ते सगळीकडे फिरतं आहे. ‘दाखवणे’ची वंशावळ स्वच्छ आहे: पालीत दक्खति, प्राकृतात दक्खइ, म्हणजे पाहतो. पण रुग्णालयात माणूस दाखल होतो तेव्हा कोण कुणाला काय दाखवतं? हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. त्यात दाखवणं कुठे आहे? आणि ज्या कन्नडात ‘दाखवणे’ हे क्रियापदच नाही, तिथे ‘दाखले’ कुठून उगवला? ‘दाखवणे’ शेजारी असल्यामुळे ‘उदाहरण’ हा अर्थ आपल्याकडे पक्का व्हायला हातभार लागला असेल, एवढं मी मानेन. त्यापुढे एक पाऊलही नाही.

दुसरी मंडळी म्हणतात, परका शब्द टाका आणि ‘पूर्वोदाहरण’ लिहा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राजव्यवहारकोशाबद्दल मला अपार आदर आहे. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचं ते मोठं काम होतं. पण ‘दाखला’ त्यानंतर साडेतीनशे वर्षं टिकला, कारण त्याच्यात जे आहे ते ‘उदाहरणा’त नाही. उदाहरण कल्पनेतलं असू शकतं. गणिताच्या पुस्तकात राम आणि श्याम आंबे वाटून घेतात, ते उदाहरण. दाखला कल्पनेतून काढता येत नाही, तो कुठेतरी दाखल असावा लागतो. आज हाच फरक कामाचा आहे, आणि नेमका तोच पुसायला ही मंडळी निघाली आहेत.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टापुढे ठेवले. प्रती मागितल्यावर त्यांनी त्याही यंत्राकडूनच घेऊन सादर केल्या. ५,००० डॉलर दंड झाला. ते कागद वकिलाच्या बाजूने दाखल झाले होते, हे खरं. पण ज्या न्यायालयाचे म्हणून दाखवले, त्याच्या दफ्तरात त्यांची नोंद नव्हती. इतकं लांब जायलाही नको. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआय यंत्रणेने पुढे केलेल्या गोष्टींवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं.

हे घडतं कसं? भाषेचं प्रारूप, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागचं यंत्र, आपण होऊन वहीत शोधायला जात नाही. असंख्य मजकुरातून त्याने निकालाची ठेवण उचललेली असते: पक्षकाराचं नाव, ‘विरुद्ध’, दुसरं नाव, मग वर्ष, खंड, पान. पुढे कोणता शब्द येण्याजोगा आहे हे ठरवत ते ओळ पुरी करतं. म्हणून बनावट निकाल दिसायला बिनचूक असतो. खऱ्या निकालांच्या साठ्याला जोडलेली साधनं आधी शोधतात, मग लिहितात. त्यांच्यात हा दोष कमी होतो, पण खऱ्या निकालाच्या तोंडी भलतंच विधान घालण्याची शक्यता उरतेच. तिथे मात्र ‘चुकीचा दाखला’ म्हणा, माझी हरकत नाही.

पडताळणीही शब्दाच्या मुळाशीच जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवर आता तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे न्यायालयाने स्वतःच दिलेला ओळखक्रमांक, असतो: आधी वर्ष, मग बीएचसी (बॉम्बे हायकोर्ट), मग अपील शाखेसाठी एएस, मूळ शाखेसाठी ओएस किंवा नागपूर खंडपीठासाठी एनएजी, आणि शेवटी अनुक्रमांक. न्यायालयाच्या नोंदीत तो क्रमांक त्याच पक्षकारांच्या नावाने सापडतो किंवा सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचं ‘सुवास’ हे यंत्रानुवादाचं साधन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात मराठी आहे. आपण लिहू तेच मराठी अशी साधनं शिकणार, म्हणून मी या एका शब्दासाठी इतका हट्ट धरतो आहे.

‘खोटा दाखला’ही नको. त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे: जातीचा किंवा वयाचा बनावट कागद. आणि ‘भ्रम’ तर मुळीच नको. दोरी असते म्हणून साप दिसतो; भ्रमाला खाली काहीतरी खरं लागतं आणि पाहणारा लागतो. इथे दोरीही नाही आणि डोळेही नाहीत. यंत्र निकाल ‘रचतं’, आणि बाहेर येतो तो ‘रचलेला निकाल’.

बाईंनी आपल्या लेखी युक्तिवादात सरळ असं लिहावं: ‘प्रतिपक्षाने आधार घेतलेला निकाल कोणत्याही न्यायालयाच्या अभिलेखात दाखल असल्याचे आढळत नाही, सबब तो दाखला म्हणून विचारात घेऊ नये.’