फराळाचं ताट आणि घरातली कुत्री-मांजरं : पशुवैद्यांची उत्तरं

आमच्या लॅब्रॅडॉरने काल संध्याकाळी टीपॉयवरचा वाटीभर चिवडा फस्त केला. आज ठणठणीत आहे, शेपूट हलवतोय. तरी डॉक्टरांकडे न्यावं का? (पुणे)

न्या, आणि आजच न्या. चिवड्यातल्या तिखट-मिठाने पोट बिघडेल, तहान वाढेल. ते निस्तरता येतं. मला काळजी आहे ती बेदाण्यांची. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा काही भरवसा नाही. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला थोडेसेही भोवतात. अलीकडे संशयाची सुई द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे वळली आहे. त्याचं प्रमाण फळागणिक बदलतं.

उलट्या बहुधा पहिल्या 24 तासांत सुरू होतात, पण रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बिघडली की वाढणारा घटक) चढायला एक ते तीन दिवसही लागतात. त्यामुळे आज शेपूट हलतंय यावर जाऊ नका. उलटी करवून पोट रिकामं करायची वेळ साधारण पहिल्या दोन तासांची, ती गेली. आता रक्ततपासणी, सलाईन आणि लघवी नीट होतेय का यावर लक्ष. ज्यांनी चिवडा केला त्यांना विचारून जा : बेदाणे किती होते, तळलेला लसूण होता का? आणि एक, घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग कोणीही करू नये. तेवढं मीठच जिवावर बेतू शकतं.

भाऊबीजेला आमच्याकडे मटण असतं. काका म्हणतात, कुत्र्याने हाडं नाही खायची तर कोणी खायची? रस्सा धुऊन हाडं दिली तर? (कोल्हापूर)

काकांना नमस्कार सांगा, पण हाडं देऊ नका. कुकरमधून निघालेलं हाड ठिसूळ झालेलं असतं. कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात आणि घशात, आतड्यात रुततात. मटणाच्या नळीची तर वेगळीच तऱ्हा : चघळता चघळता हाडाचं कडं खालच्या सुळ्यांवरून मागे सरकतं आणि जबड्याला अडकून बसतं. ते भूल देऊन कापावं लागतं.

रस्सा धुऊन भागत नाही. कांदा-लसणाचा अंश मांसात मुरलेला असतो आणि शिजवल्याने त्याचं विष जात नाही. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते, आणि तोवर भाऊबीज कोणाच्या लक्षातही नसते. मांजर याबाबतीत कुत्र्याहूनही नाजूक. अळणी रस्साही नको, कारण मटण शिजायला टाकताना बहुतेक घरांत कांदा नाहीतर आलं-लसूण पडतंच. द्यायचंच तर काहीही लावायच्या आधी चार बिनहाडाचे तुकडे बाजूला काढा आणि नुसत्या पाण्यात शिजवा.

मांजर बासुंदीवर तुटून पडतं. चालेल? (नाशिक)

विष नाही, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. जुलाब होतात आणि पुसायचं काम तुमच्याकडे येतं. बोटभर चाटलं तर घाबरू नका. गोडाची चव मांजराला कळतच नाही, ते सायीवर भुलतं.

बाबांना मधुमेह आहे म्हणून शुगर-फ्री मिठाई आणली होती. पामेरियनने तिचे दोन तुकडे पळवले. (ठाणे)

खोक्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो एक गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर हे वाचणं थांबवून दवाखान्यात फोन करा. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्शुलिन एकदम सुटतं, अर्ध्या-एक तासातही साखर कोसळू शकते. कुत्रा झोकांड्या खातो, झटके येतात. पुढे यकृतालाही धोका असतो. खोकं सोबत न्या. घटक लिहिलेलेच नसतील तर झायलिटॉल आहे असंच धरून चाला.

भेटीदाखल आलेल्या चॉकलेटबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण 100 ग्रॅम मिल्क चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो. डार्क असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. अस्वस्थपणा, धडधड, उलट्या, ही लक्षणं काही तासांनी दिसतात.

पाहुणे ऐकत नाहीत. “एक घास दिला तर काय होतं?” म्हणतात. (सोलापूर)

एका घासाने सहसा काही होत नाही. पण प्रत्येक पाहुण्याचा एकेक घास म्हणजे संध्याकाळपर्यंत कुत्र्याच्या पोटात चार बेसनाचे लाडू. एवढं तूप एकदम गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते : सारख्या उलट्या, पोट दुखतं म्हणून पाठीला बाक, किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवून राहणं. हा आजार अंगावर काढण्यातला नाही.

नाही म्हणून पाहुणे ऐकणार नाहीत, विशेषतः मुलं. त्यांच्या हातात द्यायला काहीतरी ठेवा : फोडणीआधीचे कोरडे पोहे, उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी, गाजर, बिया काढलेलं सफरचंद. डबा दाराजवळ ठेवा, “याला हेच आवडतं” म्हणा. फराळाची ताटं टीपॉयवरून उचलून ओट्यावर मागे सरकवा. मांजर असेल तर कपाटात. आणि पाडव्याला तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा आहे का, नसेल तर रात्री कुठे जायचं, हे वसुबारसेलाच विचारून ठेवा.