गप्पी मेले, डास मात्र मजेत

वाचकांचे प्रश्न : पाणी, मासे आणि डास

जून लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो, कुंड्या-खतं-कीड सगळं मागे पडतं आणि जो तो डासांवर येतो. यावेळी त्यात मासेही खूप आलेत, म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : आमची घोडबंदर रोडला सोसायटी आहे, पोडियमवर शोभेचं मोठं कुंड आहे, कारंजं दोन वर्षं बंद. डास फार झाले म्हणून कमिटीने कुंड रिकामं करून ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतलं, नळाचं ताजं पाणी भरलं आणि डासांच्या अळ्या खातात म्हणून त्याच संध्याकाळी साठ-सत्तर गप्पी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी एकही जिवंत नाही. पंधरा दिवसांत डास पुन्हा चालू. सेक्रेटरी म्हणतात मासेच रोगट होते. खरं का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : सेक्रेटरींना सांगा, मासे बिचारे ठणठणीत असणार, पाण्याने मारलं त्यांना. आणि हसू नका, मी स्वतः हाच गाढवपणा केलाय. गच्चीवरच्या ड्रममध्ये माझे गप्पी मस्त चालले होते, एका रविवारी उत्साहात हिरवं झालेलं पाणी सगळं ओतून दिलं, ड्रम चकाचक केला, नळ सोडला, मासे परत टाकले आणि बायकोला म्हटलं बघ कसे काचेसारखे दिसतायत. सोमवारी सकाळी चहाच्या गाळणीने उचलले एकेक. (गाळणी नवीन घ्यावी लागली, तो वेगळा विषय.)

झालं काय, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपण पितो तेव्हा ते पोटात जातं, आपल्याला काही होत नाही, पण माशाचं रक्त आणि पाणी यांच्यामध्ये कल्ल्याचा एक अतिशय पातळ पडदा असतो, क्लोरीन तोच जाळतं. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन असलं तरी नाजूक माशाला ते जड जातं, तुमच्याकडे तर वर ब्लीचिंग पावडरचा अंश कडेकपारीत राहिलेला. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं, उन्हात राहू द्यायचं, घाई असेल तर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात अँटिक्लोरीनची बाटली मिळते, तिचे थेंब टाकायचे. ब्लीचिंगने घासलं असेल तर दोन-तीनदा भरून ओतून टाकल्याशिवाय मासा सोडूच नका.

पण समजा क्लोरीन उडालं, तरी तुमचे साठ-सत्तर टिकले असते असं मला वाटत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतो आणि अमोनिया त्यालाच विष. जुन्या पाण्यात, टाकीच्या भिंतीवरच्या त्या बुळबुळीत थरात जे जिवाणू असतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. ही फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही ब्लीचिंगने नेमकी तीच मारलीत. त्यात मुलं बिस्किटं टाकत असणार, टाकतातच. म्हणून सुरुवातीला आठ-दहाच मासे सोडा, पोटभर अळ्या आहेत तोवर वरून खायला काही नको. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, साधारण महिन्याला एक वेत, त्यामुळे पाणी जमलं की संख्या आपोआप होते.

आता डास परत का आले. एक काम करा, संध्याकाळी कुंडातलं थोडं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या आणि मोबाइलचा टॉर्च मारा. अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या दिसतील, शेपटाकडची एक बारीक नळी पाण्याच्या बाहेर टेकलेली. हाताची सावली पडली की सगळ्या वळवळत तळाला, अर्ध्या-एक मिनिटात परत वर. त्या नळीनेच ती श्वास घेते, हवेतून. पाण्यातला ऑक्सिजन संपला काय, राहिला काय, तिला घेणंदेणं नाही. मासा मात्र पाण्यातलाच ऑक्सिजन घेतो. म्हणजे पाणी बिघडलं की पहिला जातो तो डासांना खाणारा, आणि मागे राहतो तो डास, वर मेलेले मासे आणि बिस्किटं कुजून जे जिवाणू माजतात ते अळीचं जेवण. तुमच्याकडे अगदी पंगतच बसली म्हणायची.

कारंजं दुरुस्त करा हो आधी. हलणाऱ्या पाण्यावर डास अंडी घालायला कां कूं करतो आणि पाण्यात हवाही मिसळते, खर्च एका पंपाचा.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या तलावात दरवर्षी मेअखेर किंवा पहिल्या पावसानंतर सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. वॉकवाले म्हणतात कोणीतरी रात्री विष टाकतं. असं कोण का करेल?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : विष टाकलंच नसेल असं घरी बसून मी कसं सांगू, पण तुम्ही लिहिलेली वेळ बघता मला संशय वेगळाच येतो. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, तेही पाणी अगदी चांगलं असेल तर. तुलनेला सांगतो, एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम असतो, मासा किती काटकसरीत जगतो बघा. त्याला ५ तरी लागतो, २-३च्या खाली गेला की तोंड वर काढून गपगप करायला लागतो.

हिरवंगार शेवाळलेलं तलाव दिवसा ऑक्सिजन बनवतं, पण रात्री तेच शेवाळ, तळातला गाळ, निर्माल्य, पुण्य म्हणून टाकलेले पाव सगळे मिळून तो खातात. सगळ्यात कमी ऑक्सिजन सूर्योदयाच्या जरा आधी, म्हणजे वॉकवाले पोचायच्या वेळेला. पहिल्या जोरदार सरीत गटाराचा मैला येतो, गाळ ढवळला जातो, वर ढगाळ दिवस असला की शेवाळालाही ऊन नाही.

ओळखायचं कसं? मेलेल्यांत मोठे रोहू-कटला जास्त, छोटे मासे अजून वर येऊन धापा टाकतायत, तर बहुतेक ऑक्सिजनच. विष लहान-मोठं असं बघत नाही. पहाटे जा आणि बघा, दुपारी बारा वाजता फोटो काढून काही कळत नाही. आणि मासे मेलेले दिसले तर महापालिकेला त्याच दिवशी कळवा, पाण्याचा नमुना लगेच घेतला तरच उपयोग. विसर्जनासाठी ठाण्यात कृत्रिम तलाव करतात ते याचसाठी, काही लोक अजून नाकं मुरडतात तो भाग वेगळा.

तलावात डास फारसे मधोमध नसतात, तिथे लाटा असतात आणि मासे असतात. ते असतात काठाला, थर्माकोलच्या वाट्यांत, गवतात. जलपर्णी आणि गोंडाळ वाढलं असेल तर अजून एक जात येते, मॅन्सोनिया, तिची अळी वर येतच नाही, पाणवनस्पतीच्या मुळात नळी खुपसून तिथली हवा ओढते. तिच्यावर ना पाण्यावर टाकलेल्या तेलाचा उपयोग ना माशांचा फारसा, वनस्पती उपटून काढणं एवढाच उपाय.

प्रश्न : आमच्याकडे गटार नाही, घाण नाही, सगळं टाइल्सचं. तरी मुलाला डेंग्यू झाला. स्वच्छ पाण्यातही डास?
— एक आई, नेरूळ

उत्तर : स्वच्छ पाण्यातच, ताई. डेंग्यूचा एडिस साठवलेल्या नितळ पाण्यात अंडी घालतो, शहरी मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात, आणि गटारातला तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. म्हणून गटारावर धूर मारून डेंग्यू जात नाही. तुमच्या घरात फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, मनी प्लांटची बाटली आणि बंद राहणाऱ्या बाथरूमचा कमोड बघा. एडिसची अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर ओल्या कडेला चिकटवलेली असतात, काळ्या ठिपक्यांसारखी, आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा काथ्याने घासायची. आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. मुलगा आता बरा असेल अशी आशा.

प्रश्न : गप्पी असलेल्या टाकीत वरून थोडं जळकं ऑइल टाकलं तर डबल फायदा ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. तेलाचा थर अळीची नळी बंद करतो हे खरं, पण हवा पाण्यात मिसळणंही थांबवतो, मासे जातील. एक काहीतरी निवडा. औषधच हवं असेल तर बीटीआय विचारा, जिवाणूंपासून बनतं, अळी खाते आणि मरते, माशांना काही होत नाही. पिण्याच्या पाण्यात मात्र तुमचं तुम्ही काहीही टाकू नका.

प्रश्न : दहा गप्पींचे दोनशे झालेत. उपवन तलावात सोडून देऊ का? पुण्याचंच काम ना?
— एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : नका सोडू. गप्पी दक्षिण अमेरिकेतला आणि त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया, जो १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला, तोही अमेरिकेतलाच. ते फक्त डासांच्या अळ्या खात नाहीत, दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खातात. येऊरच्या बाजूच्या ओढ्यांत आपला पिकू असतो, बोटाएवढा, कपाळावर टिकली लावल्यासारखा चमकता पांढरा ठिपका, पृष्ठभागालाच फिरतो आणि अळ्या टिपतो. त्याच्या घरात पाहुणे कशाला घुसवायचे? गप्पी ठेवायचे ते बंदिस्त पाण्यात, टाकी, कारंजं, बांधकामाचा खड्डा, जिथून ते पावसात वाहून जाणार नाहीत.

दोनशेमधले पन्नास कासारवडवलीच्या त्या सोसायटीला द्या, पण आज नको, त्यांचं पाणी आधी महिनाभर जुनं होऊ दे. तेही एकदम नाही, आठ-दहा आठ-दहा करून.