वाचकांचे प्रश्न : जर्नलपासून सड्यापर्यंत

प्रश्न : जंगलात काम करायचे म्हणून मी बारावीनंतर वैद्यकीयची वाट सोडून बीएस्सीला प्रवेश घेतला. पहिले वर्ष संपत आले, तरी पेशीच्या आकृत्या, वर्गीकरणाचे तक्ते आणि लॅटिन नावे यांपलीकडे हाती काही लागलेले नाही. नावांचाही घोळच आहे. बाभळीचे नाव जुन्या पुस्तकात एक आहे आणि वर्गात दुसरेच सांगतात. या सगळ्याचा रानातल्या अभ्यासाशी संबंध काय? (प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : बाभळीपासूनच सुरुवात करू, कारण तुम्हाला जो घोळ वाटतो त्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. बाभळीचे पूर्वीचे नाव अकेशिया निलोटिका आणि आजचे वॅचेलिया निलोटिका. अकेशिया या एकाच प्रजातीत जगभरच्या बाभूळवर्गीय झाडांची गर्दी कोंबलेली होती. ती सारी एका वंशातली नाहीत, हे गुणसूत्रद्रव्याच्या (डीएनएच्या) अभ्यासातून दिसून आल्यावर प्रजातीची विभागणी करावी लागली, आणि मग मूळ नाव कोणत्या गटाकडे ठेवायचे हा वाद उभा राहिला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातील गटाला देण्यात आले, कारण तेथील जातींची संख्या सुमारे एक हजार असल्याने तसे केल्यास कमी नावे बदलावी लागणार होती. 2011 मध्ये मेलबर्नच्या परिषदेत हा निर्णय कायम राहिला. आपल्या खैराचे त्यामुळे सेनेगालिया कॅटेचू झाले. गंमत अशी की रस्त्याकडेला लावलेली परदेशी ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ आजही अकेशियाच आहे आणि शेताच्या बांधावरची आपली बाभूळ मात्र त्या नावाला मुकली. तुमच्या पुस्तकातले नाव चुकीचे नाही, फक्त जुने आहे. नाव का बदलले हे ज्याला कळले, त्याला वर्गीकरण म्हणजे वंशावळीविषयीचे अनुमान असते हेही कळले, आणि मग तक्ता पाठ करण्याचे ओझे आपोआप हलके होते.

आता पेशीच्या आकृत्यांकडे वळू. तुमच्या जिल्ह्यातील कासचे पठार 2012 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे जी जांभळी सीतेची आसवे फुलतात, ती कीटकभक्षी आहेत हे तुम्ही ऐकलेच असेल. जांभ्या खडकावरचा मातीचा थर बोटभर असतो, धो-धो पावसात त्यातली पोषकद्रव्ये वाहून जातात आणि नायट्रोजनची चणचण भासते. ती भरून काढण्यासाठी या वनस्पतीच्या जमिनीतल्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीच्या भित्तिकेतील पेशी ऊर्जा खर्च करून आतले पाणी बाहेर टाकतात, आत दाब कमी होतो, आणि दाराशी असलेल्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडून तो पाण्यासकट सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढला जातो. पेशीपटल, परासरण, नायट्रोजनचक्र ही तीन प्रकरणे तुम्ही वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शिक्षकांकडे शिकलात. पठारावर ती एका पिशवीत एकत्र असतात. ही प्रकरणे न शिकता पठारावर गेलेल्याला फक्त जांभळा रंग दिसतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्यासाठी विद्यापीठाची गरज नाही.

लॅटिन नावांबद्दल एकच जोडते. गावोगावची मराठी नावे वहीत अवश्य लिहा; टाकळा आणि कवला ओळखणाऱ्या आजीला जे दिसते, ते पुष्कळ पदवीधरांना दिसत नाही. पण ‘गेंद’ म्हटले की एकाच पठारावरच्या अनेक जाती त्यात येतात, आणि मोजणी करायची तर ती वेगळ्या ओळखाव्या लागतात. तेवढ्यासाठी लॅटिन नाव लागते.

प्रश्न : तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मला सड्यावरील, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरील, पावसाळी वनस्पतींचा अभ्यास करायचा आहे. दहा चौकटी टाकून (ठरावीक मापाचे चौकोन जमिनीवर ठेवून) त्यांतल्या वनस्पती मोजल्या की पुरे, असे सांगतात. दहाच का? आणि त्या कुठे टाकायच्या? (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : दहा हा आकडा कशावर ठरला, असे तुम्ही विचारलेत याचा मला आनंद आहे. बहुधा तो जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, दहा पाने भरण्यावर ठरतो. चौकटीचा आकार आणि संख्या जागेलाच विचारावी लागते. पाव मीटर बाजूच्या चौकटीपासून सुरुवात करा, तिच्यातल्या जाती नोंदवा, क्षेत्रफळ दुप्पट करा, नव्या जाती नोंदवा आणि असेच करत जा. क्षेत्रफळ आणि जातींची संख्या यांचा आलेख जिथे आडवा होऊ लागेल, तिथे चौकट पुरेशी मोठी झाली असे समजावे. गवत व लहान वनस्पतींसाठी साधारणतः एक मीटर बाजूची चौकट वापरतात, झुडपांसाठी पाच आणि झाडांसाठी दहा मीटरची, पण हे आकडे सोयीचे आहेत, धर्मवचन नव्हेत. चौकटी किती, याचेही उत्तर तसेच मिळते: नव्या चौकटींमध्ये नव्या जाती सापडणे जवळजवळ थांबले की संख्या पुरेशी झाली.

कुठे टाकायच्या, हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण इथे आपला हात आपल्याला फसवतो. डोळे मिटून चौकट फेकली तरी ती फुलांच्या दिशेनेच जाते, हे मी अनेक तुकड्यांमध्ये पाहिले आहे. दोन बाजूंना पन्नास-पन्नास मीटरच्या टेप काटकोनात अंथरा, शून्य ते पन्नास आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येक चौकटीसाठी दोन चिठ्ठ्या उचला आणि ते अंतर जिथे मिळेल तिथेच चौकट ठेवा. तिथे उघडा कातळ आला तर कातळच नोंदवायचा. रिकामी चौकट वगळणारा विद्यार्थी सडा आहे त्यापेक्षा हिरवा करून दाखवतो आणि त्याची सरासरी खोटी ठरते.

एका सड्यावर तीस चौकटी टाकल्या, तरी तुमचे निष्कर्ष त्या एका सड्यापुरते असतात. चराई होणाऱ्या आणि न होणाऱ्या सड्यांची तुलना करायची असेल, तर दोन्ही प्रकारचे अनेक सडे हवेत. चराईच्या एकाच सड्यावरच्या तीस चौकटी या तीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. प्रकल्पांच्या परीक्षणात मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच आहे, आणि विषय मंजूर होण्याआधी संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे अर्धा तास बसल्यास ती टळते.

मात्र तुमची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. सड्यावरचे जीवन जूनअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये वाळते. प्रकल्पाचे विषय मात्र पुष्कळ ठिकाणी डिसेंबरात वाटले जातात. म्हणून विषय जूनमध्येच मागून घ्या. तेव्हा मिळाला नाही, तर वाळलेल्या सड्यावर चौकटी टाकत बसण्यापेक्षा विषय बदला. जानेवारीअखेरीपासून काटेसावर, पांगारा, पळस फुलू लागतात. ठरावीक झाडांसमोर ठरावीक वेळी पंधरा-पंधरा मिनिटे बसून कोणते पक्षी किती वेळा येतात याची मोजणी केली, तरी उत्तम प्रकल्प होतो. कारवीच्या सामूहिक फुलोऱ्याचा विषय मात्र घेऊ नका: तिचे चक्र साधारण सात वर्षांचे, आणि तुमची पदवी तीन-चार वर्षांची.

नोंदी पेन्सिलीने करा. एका ऑगस्टमध्ये माझ्या दोन दिवसांच्या नोंदींची शाई पावसात विरघळून वहीचे निळे पाणी झाले होते.

प्रश्न : मुलीला परिसंस्थाशास्त्रातच पुढे शिकायचे आहे. यात पोट भरेल का? (पालक, नाशिक)

उत्तर : भरेल, पण उशिरा, आणि सुरुवातीची काही वर्षे हंगामी कामांची असतील हे दोघांनीही मान्य करून पुढे जावे. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एमएस्सी करता येते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र येथे वन्यजीव विषयाचे अभ्यासक्रम आहेत. तिथे जागा थोड्या असतात आणि दरवर्षी प्रवेश असतीलच असे नाही. गेट परीक्षेत ‘परिसंस्था आणि उत्क्रांती’ असा स्वतंत्र पेपर आहे. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षाही देता येते. शिवाय 2006 च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करून घ्यावे लागत असल्याने वनस्पती व प्राणी अचूक ओळखणाऱ्यांना खासगी क्षेत्रातही काम मिळते. त्या कामात अहवाल कोणाच्या सोयीचा लिहायचा, असा दबाव येऊ शकतो. याची कल्पना मुलीला आधीच द्या.

प्रश्न : आमची सहल आंबोलीला जाणार आहे. विभागाच्या संग्रहासाठी दोन-चार बेडूक फॉर्मलिनमध्ये आणले तर चालतील का? (द्वितीय वर्ष, कोल्हापूर)

उत्तर : नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांचे विच्छेदनच अभ्यासक्रमातून बंद केले. अशा बरणीचा आता वर्गात उपयोग नाही, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ती भरणे तुम्हाला अडचणीत आणेल. शिवाय जागा आंबोलीची आहे. तेथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका लहान माशाची नवी जाती म्हणून 2020 मध्ये नोंद झाली, आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. 2009 मध्ये वर्णन झालेला आंबोलीचा भेक (बेडकाचा एक प्रकार) तर त्या परिसराबाहेर फारसा कुठे आढळत नाही. तुम्ही वरून आणि बाजूने, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या, आवाज ध्वनिमुद्रित करा, वेळ, ठिकाण आणि तापमान लिहा. ओळख पटवायला बहुधा तेवढे पुरते. बूट आधीच्या ठिकाणच्या चिखलासकट नेऊ नका, कारण बेडकांची रोगकारक बुरशी चिखलापाण्यातून पसरते. आणि सहल पहिल्या पावसाच्या सुमारास असेल, तर जांभ्यावरच्या उथळ डबक्यांतून चालू नका. तो भेक अंडी तिथेच घालतो.