रिकामा रकाना

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. नर्सची ही नोकरी सोडू की बदली मागू विचारतेस, त्याचं पुढे बघू. आधी एक काम कर. मंगळवारच्या लसीकरणाबद्दल तू जाता जाता लिहिलंयस की एक बाळ फार गुणी होतं, तीन सुया टोचल्या तरी रडलं नाही, नुसतं कुरकुरलं. आजी कौतुकाने सांगत होती, जन्मापासून असंच शांत आहे, दूध पाजायलाही उठवावं लागतं. त्या बाळाचा नंबर रजिस्टरमधून काढ आणि आईला बोलावून घे. हे पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

दीड महिन्याचं बाळ. डाव्या मांडीत घटसर्पासकट पाच रोगांची पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओची एफआयपीव्ही. एवढ्यावर धडधाकट बाळ छप्पर डोक्यावर घेतं. बाळ आलं की जीभ बघ, जाड होऊन बाहेर येते का. बेंबी फुगलेली आहे का, शी किती दिवसांनी होते, कावीळ किती दिवस रेंगाळली, आवाज घोगरा आहे का, हातपाय गार आहेत का, डोक्याच्या मागची टाळू अजून बोटाला लागते का. डॉक्टरांना सांगून थायरॉईडसाठी रक्त तपासायला पाठव, टीएसएच आणि टी-फोर. जन्मजात थायरॉईड कमी असेल तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. ती वेळ गेलीच आहे, आणि इथून पुढचा प्रत्येक आठवडा त्या पोराच्या बुद्धीतून वजा होतो. काही निघालं नाही तर देव पावला. आजी म्हणेल, आमच्या चांगल्या बाळाला नाव ठेवता. म्हणू दे.

आणि तुझ्या एका ओळीमुळे मी चिडले तेही सांगते. वजनाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते आठवत नाही, म्हणतेस. का आठवत नाही? काट्यावर बाळ तूच ठेवलं होतंस ना? की आशाताईंनी सांगितलेला आकडा उतरवलास?

आता तुझं दुखणं. इन्चार्ज सिस्टर सांगतात, पहाटे पाचला बसून सगळ्या खाटांचे टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, एकदम भरून टाक. तू प्रत्येकाजवळ जाऊन मोजत बसलीस, ओव्हर, म्हणजे वॉर्डचा ताबा, द्यायला पाऊण तास उशीर झाला, मॉर्निंगच्या स्टाफसमोर बोलणी खाल्लीस. मला विचारतेस, मी या कामाला फार हळू आहे का? आहेस. तशीच राहा.

तुझ्या इन्चार्जला मी ओळखते. तिची पहिली पोस्टिंग माझ्या हाताखाली झाली. 'आधी कागद पूर्ण कर, राऊंडला कागद दिसतो' हे वाक्य ती तुला ऐकवते ना? ते माझं आहे. मीच तिला शिकवलं. तिने ते चांगलं लक्षात ठेवलं, आणि मी नंतर बदलले तेव्हा ती दुसऱ्या जिल्ह्यात होती.

बदलले कशाने, ते ऐक.

१९९४चा पावसाळा. जिल्ह्याच्या ठिकाणी बालरुग्ण विभागात रात्रपाळी. खाटा ३०, मुलं ५२, एकेका खाटेवर दोन, उरलेली खाली सतरंजीवर. गॅस्ट्रोची साथ चालू. स्टाफ म्हणून मी, आणि सोबत दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. अकराच्या सुमाराला सात वर्षांचा मुलगा आला. उलट्या, पोटदुखी, जीभ कोरडीठाक. गॅस्ट्रोच्या गर्दीत आला म्हणून तोही गॅस्ट्रो. सलाईन लागलं. आई माझ्यामागे मागे फिरत सांगत होती, "बाई, आठ दिस झाले, एवढा घोडा झाला तरी अंथरूण ओलं करतोय. अन् मोरीत नुसत्या मुंग्या." मी म्हटलं, सकाळी डॉक्टरांना सांगा.

श्वासाच्या रकान्यात कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या विभागातून, मिनिटाला २४ लिहून आले होते. मी दोन वाजता २४ लिहिले. सहा वाजता २४ लिहिले. दोन्ही वेळा मी टेबलाशी होते, त्याच्या खाटेपासून बारा-पंधरा फुटांवर.

सकाळी हाऊसमन, म्हणजे वॉर्डचा शिकाऊ डॉक्टर, त्याच्यावर वाकला आणि तसाच थांबला. तोंडाला वास येत होता, पिकून उतरलेल्या फळाचा. त्याने लघवी मागितली. साखर बघायला तेव्हा वॉर्डात ग्लुकोमीटर नव्हता. बेनेडिक्टचं निळं पाणी ५ मिली, लघवीचे ८ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. परीक्षानळी चिमट्यात मीच धरली होती. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग तळापासून वर विटेच्या चुऱ्यासारखं लाल चढत गेलं. जेमतेम दोन मिनिटं. ती निळी बाटली रात्रभर माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

उलट्यांनी सुकलेलं मूल लघवी धरून ठेवतं. हा सुकलेला होता आणि तरी लघवी करत होता. श्वास लांब, खोल, धावून आल्यासारखे, पण छातीत घरघर नाही, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत. रक्तात आम्ल साठलं की शरीर ते असं श्वासावाटे बाहेर टाकू बघतं. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या रात्री तो डोकं दुखतं म्हणाला, नाडी मंदावत गेली, मेंदूला सूज आली. पहाटे गेला.

मी तीस वर्षं स्वतःला सांगत आले की ५२ मुलं होती. खरंच होती. कॅज्युअल्टीनेही गॅस्ट्रोच लिहिलं होतं. पूर्ण मिनिट धरून मोजायचं तर ५२ मुलांना ५२ मिनिटं नुसती श्वासाला लागतात. त्यात सलाईन बदलणं, उलट्या पुसणं, एकाला झटके आले होते. माझ्या जागी कोणीही असतं तर तेच झालं असतं, असंही मी म्हणते, आणि ते बहुधा खरं आहे. पण कोणी मला काही विचारलंच नाही, कारण कागद स्वच्छ होता. २४, २४, २४. रकाना रिकामा असता तर रात्री दोनच्या राऊंडला हाऊसमन कदाचित त्या खाटेशी थांबला असता. माझ्या २४ने त्याला पुढे पाठवलं. मी घाईत होते याची मला माफी आहे, मी देऊन टाकली आहे. लिहिल्याची नाही.

म्हणून सांगते, मोजलं नसेल तर लिहू नकोस. वेळ मिळाला नाही तर रकाना रिकामा सोड, बाजूला वेळ टाक, 'मोजले नाही' लिही आणि सही कर. ओरडा बसेल. तुमच्याकडे अजून मेमो देतात का? आमच्या वेळी रिकाम्या रकान्याला मेमो असायचा. घे. मोजलं नसेल तर लिहू नकोस.

आणि मोजायचं ते पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या पोरींचा मला राग येतो. तान्ही बाळं भराभर श्वास घेतात, मग मध्येच थांबतात, तुझी पंधरा सेकंदं नेमकी कुठे पडतील? मूल रडत नसताना, पीत नसताना, झबलं वर करून पोटाकडे बघत मोज. मध्येच रडलं तर पहिल्यापासून. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० श्वास, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. त्या रेषेच्या अलीकडे सर्दी-खोकला आणि पलीकडे न्यूमोनिया. दहा महिन्यांच्या बाळाचे ४८ की ५२, यावर त्याला अँटिबायोटिक मिळणार की नाही ते ठरतं. लांबून बघून ४८ आणि ५२ मला अजून ओळखता येत नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी न शिकलेल्या बायकांसाठी मण्यांच्या ओळी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ असं साधन बनवलं होतं. श्वासागणिक मणी सरकवायचा. ज्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते त्या बायका मोजायच्या. तुझ्याकडे नर्सिंगचं, जीएनएमचं सर्टिफिकेट आहे आणि हातात फोन आहे.

त्या मिनिटात आणखी एक होतं, ते मला फार उशिरा कळलं. आकडा मिळतो तो मिळतोच, पण एरवी कोणी एका मुलाकडे साठ सेकंद नजर न हलवता बघत नाही. आपण बघतो तेव्हा श्वास खोल आहे ते दिसतं, ओठ सुकलेत ते दिसतं, खाटेखालचं ओलं दिसतं. आणि गप्प उभं राहिलं की आई बोलायला लागते. ती काय बोलते ते तिच्याच शब्दांत लिही. 'मोरीत मुंग्या' असंच लिही, त्याचं 'पॉलियुरिया', म्हणजे जास्त लघवी, करू नकोस.

तू म्हणतेस, मी नवीन, रात्री डॉक्टरांना उठवलं तर ते खेकसतात. "सर, मूल मला बरं वाटत नाही" म्हटलंस तर खेकसतीलच, मीही खेकसले असते. "श्वास ४४, खोल आहेत, छाती मोकळी, सॅच्युरेशन ९८, रात्रीतून चार वेळा लघवी, साखर मशीन 'हाय' दाखवतंय" असं म्हण. या वाक्यानंतर कूस बदलून झोपणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही. बरं, एक होता. त्याच्या वरच्याला फोन केला.

हे फक्त श्वासापुरतं आहे असं समजू नकोस. एकदा एका उपकेंद्राच्या भेटीत मी आयएलआरचा, म्हणजे लसींच्या फ्रिजचा, तक्ता बघत होते. सकाळ-संध्याकाळ ४ अंश, ४ अंश, ओळीने मोत्यासारखं अक्षर. तारखा बघितल्या तर उद्याचंही तापमान लिहून ठेवलेलं! हसू आलं, मग पोटात गोळा आला. पेंटा आणि हिपॅटायटिस-बी गोठली की फुकट जातात. बाटलीवरचा व्हीव्हीएमचा चौकोन उष्णता लागलेली दाखवतो, गोठलेली दाखवत नाही. शंका आली तर बाटली हलवून बघायची शेक टेस्ट करावी लागते, आणि सगळीकडे ४ लिहिलेलं असेल तर शंका येणार कुणाला? सुई टोचली जाते, बाळ रडतं, कार्डावर तारीख पडते, आणि घटसर्पापासून ते बाळ जसं उघडं होतं तसंच उघडं राहतं. नुसती टिकही तशीच. मूल गावाला गेलं होतं आणि रजिस्टरला गोवर-रुबेलाचा एमआर दिलेला दिसतो, हे मी स्वतः पकडलंय. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं किती होती ते आपण सगळ्यांनी वाचलं. तिथे कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. एवढंच की रकाना रिकामा असला तर त्या घरी कुणीतरी परत जातं. खोट्या टिकच्या घरी कोणी जात नाही.

इन्सुलिनचं एक, कारण तुमच्याकडे आता मधुमेहाची मुलं वाढलीत म्हणतेस. वायल, म्हणजे बाटली, मिलीला ४० युनिटची आहे की १००ची, आणि हातातली सिरिंज कुठली, दोन्ही बघितल्याशिवाय भरू नकोस. लाल टोपणाची ४०ला, केशरी टोपणाची १००ला. १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० खुणांपर्यंत भरलंस तर पोराला २५ युनिट गेलं. आईला घरी पाठवताना "समजलं ना?" विचारू नकोस, त्याला सगळ्या आया हो म्हणतात. तुझ्यासमोर तीनदा भरून दाखवायला सांग.

नोकरी सोडायची की नाही, तू जाण. बदली मात्र या कारणासाठी मागू नकोस, तिथेही रकाने असतात. इन्चार्जशी भांडूही नकोस. ती वाईट नाही. दोन माणसांत सहा जणींचं काम ती वीस वर्षं ओढतेय, आणि कागद अपुरा राहिला की वरून तिलाच विचारतात. तिला मी फोन करणार होते, नंबर काढलाही, पण काय बोलू ते सुचेना. 'तुला मी चुकीचं शिकवलं' हे फोनवर कसं म्हणतात? बघते. येत्या रविवारी करीन.

त्या मुलाच्या आईला मी काहीच सांगितलं नाही. ती जाताना माझ्या पाया पडली होती, रात्रभर पोराजवळ जागलात म्हणून.

असो. बाळ बोलावलंस का? थायरॉईड निघालाच तर गोळी कुस्करून चमचाभर आईच्या दुधात द्यायची, बाटलीत मिसळायची नाही, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर द्यायची नाही. हे आईला आणि आजीला दोघींना सांग, कारण देणार आजी आहे. बाळाला झबलं-दुपटं काढून काट्यावर तू स्वतः ठेव आणि वजन मला आजच कळव, ग्रॅमपर्यंत. 'बरं आहे' असं लिहून पाठवू नकोस.

तुझी,
सिस्टर