रियाज बंद करून संगीतशास्त्र?

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञान शाखेत ८१ टक्के मिळाले. ती संगीत विशारदही आहे. मैफिलींच्या कमाईचा भरवसा नाही, म्हणून आम्ही तिला संगीतशास्त्राची प्राध्यापक करायचं ठरवलं आहे. शिकवायची थिअरीच आहे, तर रियाज बंद करून नेटचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास आत्तापासून घ्यावा का? – एक पालक, सांगली

उत्तर : 'आम्ही ठरवलं' यात ती आहे का हो? टक्के आहेत, विशारद आहे, मैफिलीच्या कमाईचा हिशेब आहे. ती काय म्हणते, याचा एक शब्द नाही. गळा तिचा आणि रियाज बंद करायचा निर्णय तुमचा. मला ८१ टक्क्यांची नाही, याची काळजी वाटते.

मार्ग म्हणाल तर संगीतात बीए, एमए, मग नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) आणि पीएचडी. नेटचं एमएच्या वेळी बघू.

पण गाणं सोडून शास्त्र करता येतं, हा समज आधी काढून टाका. संगीतशास्त्रकार भातखंडे पेशानं वकील. पण थाटांची मांडणी (थाट म्हणजे प्रत्येक स्वराचं एकच रूप घेतलेला सात स्वरांचा साचा, त्यावरून रागांचे गट पडतात) त्यांनी घरबसल्या केली नाही. गावोगाव हिंडून गवयांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, मग रागांना दहा थाटांत बसवलं. ते सगळे राग नीट बसले असंही नाही. ललत राग घ्या. त्यांनी तो मारवा थाटात ठेवला, पण कोमल धैवताचा (कोमल 'ध'चा) ललतही सर्रास गायला जातो, आणि मारवा थाटात धैवत शुद्ध. शिवाय ललतात दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र 'म'), तेही एकापाठोपाठ! मग त्याचा थाट कोणता? संशोधन इथे सुरू होतं. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, स्वरलेखन करायचं, घराण्यांतले फरक टिपायचे, त्या फरकांमागचं कारण शोधायचं. ज्याच्या कानाला रियाज नाही, त्याला हा फरक ऐकूच येणार नाही. वर्गातही थाट सांगून भागत नाही, राग गाऊन दाखवावा लागतो.

आणि ही नोकरी 'सुरक्षित' आहे असं कोणी सांगितलं? पूर्णवेळ जागा मोजक्या. नेट, पीएचडी होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी आहेत, त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. केवळ स्थैर्यासाठी तिला इकडे ढकलत असाल, तर ढकलू नका. तिला विज्ञानातच पुढे जायचं असेल, तर तेही तिला ठरवू द्या.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर तेच, तरी राग वेगळे का वाटतात, हे तिनं पुस्तक न उघडता, स्वतः गाऊन बघून एका पानात लिहावं. ते लिहिताना तिला मजा आली का, हेही कळवावं. रियाज तोवर चालू.