मशीन घेतलं, आता घरी कपडे शिवायला आणखी काय काय लागतं?

तुम्ही विचारलंय की मशीन घेऊन झालंय, मुलीचा फ्रॉक आणि स्वतःचे कुर्ते घरीच शिवायचे आहेत, तर आता आणखी कोणती साधनं घ्यावीत. आणि ऑनलाइन दिसतो तो शंभर वस्तूंचा शिवणाचा डबा घ्यावा का. डब्याचं आधी सांगते: नको. माझ्या बहिणीने घेतला होता. कात्री कापड चावायची, रिळातला दोरा दर वितीला तुटायचा, आणि निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हे आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढ्याच पैशात चार वस्तू चांगल्या येतात.

मी नाशिकला पंचवटीत राहते. गेली 22 वर्षं घरातलं शिवण मीच करते. परकर, ब्लाउज, मुलांचे शाळेचे कपडे, सासऱ्यांचे लेंगे, सगळं. नवीन शिकणारीचं सगळं लक्ष मशीनवर असतं, माझंही होतं. पण मशीन टीप मारतं, बस. कपडा अंगावर नीट बसतो की लोंबतो, हे टीप मारायच्या आधी कात्रीखाली आणि टीप मारल्यानंतर इस्त्रीखाली ठरतं. म्हणून माझी यादी इस्त्रीपासून सुरू होते.

इस्त्री तुमच्याकडे असणारच. पण ती कपाटात नको, मशीनशेजारी हवी आणि शिवायला बसताना तापलेली हवी. एका शिवणीवरून दुसरी शिवण जाणार असेल तर पहिलीवर आधी इस्त्री झालीच पाहिजे, हा माझ्या घरातला नियम आहे. खांदा जोडला की इस्त्री, मग गळा. बाजू जोडली की इस्त्री, मग घेर. टीप मारल्यावर कापड उघडायच्या आधी, जसं आहे तसंच त्या टिपेवर इस्त्री ठेवायची. दोरा कापडात बसतो, टीप चुणलेली असेल तर सरळ होते. मग माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड, उघडून दुसऱ्यांदा. आणि इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. कपडे धुऊन आल्यावर फिरवतो तशी फिरवायची नाही, कारण गळ्याची आणि मुंढ्याची (बाही जोडतात त्या गोलाईची) कड तिरकी कापलेली असते आणि ती ओढली की ताणते. एकदा ताणलेला गळा पुन्हा जागेवर येत नाही, तो पुढे झुकून उभाच राहतो.

सपाट फळीवर मुंढा आणि छातीचे टक्स (गोलाई येण्यासाठी कापड दुमडून मारलेल्या निमुळत्या टिपा) नीट होत नाहीत, कारण अंग सपाट नसतं. त्यासाठी मी एक उशी केलीय आणि माझ्या सगळ्या सामानात ती मला सर्वांत लाडकी आहे. जाड सुती कापडाचे साधारण 12 बाय 9 इंचांचे दोन अंडाकृती तुकडे घेतले, एक टोक थोडं निमुळतं ठेवलं, कडेने दोनदा टीप मारली आणि सुताराच्या दुकानातून आणलेला बारीक भुसा उन्हात वाळवून, चाळून, ठासून भरला. मऊ राहिली तर उपयोग नाही, विटेसारखी घट्ट लागली पाहिजे. टक्स शिवला की तो या उशीच्या फुगीर भागावर ठेवायचा, थोडा ओलसर सुती फडका टाकायचा आणि टोकाकडे नेत दाबायचा. आधी टक्साच्या टोकाला एक बारीकशी टोपी उभी राहिलेली असते. वाफ निघून जाईपर्यंत हात लावला नाही तर ती जिरते आणि कापड छातीसारखं गोल राहतं. शिंप्याने शिवलेल्या आणि घरी शिवलेल्या ब्लाउजमधला फरक म्हणतात ना, तो बराचसा इथे असतो.

कात्रीवर मात्र पैसे खर्च करा. 9 किंवा 10 इंची घ्या, हातात जड लागेल अशी. खालचं पातं टेबलावर टेकलेलं ठेवून कापायचं असतं, त्यामुळे वजनाचा त्रास होत नाही. मेरठच्या कात्र्या मला आवडतात. त्या शहराच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यांची गंमत अशी की पाती पुन्हा पुन्हा धार लावून घेता येतात, मधला खिळा सैल झाला तर घट्ट करता येतो. माझी कात्री सासूबाईंची आहे, अजून चार पदरी पॉपलीन एका दमात कापते. घेताना चिंधी सोबत न्या आणि पात्यांच्या अगदी टोकाने कापून बघा. टोकाला कापड दुमडलं गेलं तर ती कात्री परत द्या. डावखुऱ्या असाल तर डाव्या हाताचीच मागा, नाहीतर कापायची रेघ पात्याआड जाते. आणि घरात सर्वांना बजावून ठेवा की या कात्रीने कागद कापायचा नाही, कारण कागदाने धार जाते. पेपर कटिंगला दुसरी साधी कात्री ठेवा. माझ्या कात्रीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला आहे. तो दिसला की मुलं हात लावत नाहीत.

टेप स्वस्त असतो म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. काही वर्षांपूर्वी मी वहिनीचं ब्लाउज बेतलं. माप माहेरी घेतलं, आईच्या जुन्या टेपने, छाती 36. घरी येऊन स्टीलच्या पट्टीने कागदावर उतरवलं. ब्लाउज हुकं लावताना छातीत ओढायला लागलं. मग तो टेप मागवून घेतला आणि पट्टीशेजारी ठेवला तर 36 इंचांत अर्धा इंच जास्त. वर्षानुवर्षं ओढून ताणला गेला होता, म्हणजे अंग होतं साडेछत्तीस आणि टेप सांगत होता 36. आत एक इंच माया ठेवली होती म्हणून उसवून सैल करता आलं. तेव्हापासून दिवाळीच्या साफसफाईत टेप पट्टीशी लावून बघते. कापडी घेऊ नका, फायबरग्लासचा, न ताणणारा घ्या, आणि माप घेताना व कापडावर टाकताना तोच वापरा.

आता उसवणी. सीम रिपर म्हणून मागितली की मिळते: दोन टोकांची, त्यातल्या एकावर लाल मणी असतो. सुरुवातीचं वर्षभर ही तुमच्या हातात कात्रीपेक्षा जास्त वेळ असेल, त्यात वाईट वाटून घेऊ नका. दोन पदर ओढून मधल्या मधे खरवडू नका, कापड फाटतं. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापत जायचा, मग उलट बाजूचा दोरा टोकाला धरून ओढायचा. तो सबंध सरकन निघून येतो आणि कापडाला ओरखडाही येत नाही. काज उघडताना काजाच्या शेवटच्या टाक्याआधी आडवी टाचणी लावा, म्हणजे उसवणी पुढे घसरून काज फाडणार नाही.

सुया. पाकिटावर 14 आणि 90 असे दोन आकडे दिसतील. 90 म्हणजे सुई 0.90 मिलिमीटर जाडीची. पॉपलीन, केंब्रिक, साधं सुती कापड असेल तर 14 नंबर. मलमल, जॉर्जेट असं झिरझिरीत असेल तर 11 किंवा 9. जीन्सला 16. टी-शर्टच्या कापडाला बोथट टोकाची, बॉलपॉइंट म्हणतात ती, कारण टोकदार सुई त्याचे फासे तोडते. आठ-दहा तास शिवून झालं की सुई बदला. टाका सुटायला लागला किंवा कापडातून जाताना ठक् ठक् आवाज यायला लागला तर लगेच. मेकॅनिकला बोलावण्याआधी सुई बदलून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांपैकी एक म्हणजे कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होणं. सगळे बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर, संशय घेतात, पण खाली जाळं झालं तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवून दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही, वरच्या वर जातो. फूट वर करा, दोरा पुन्हा ओवा.

बारीकसारीक: टाचण्या बारीक आणि मणीवाल्या, नाडी ओवायला मोठी सेफ्टी पिन, हातशिलाईसाठी बोटाला अंगुस्ताना, मशीनचं तेल आणि एक जुना ब्रश. खुणा करायला खडू हवा, पण मी वापरून उरलेली पांढऱ्या साबणाची पातळ चकती वापरते. सुती कापडावर धारदार रेघ उठते आणि पहिल्या धुण्यात जाते. आपल्याकडे पावसाळ्यात टाचण्या आणि सुया गंजतात आणि गंजाचा डाग कापडावरून सहजासहजी निघत नाही, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा.

येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आज ना उद्या कोणीतरी पैठणीचा ब्लाउज पीस तुमच्या हातात देईलच. तेव्हा यातलं बरंच बदलतं. साबण नको, खडू नको, खुणा धावदोऱ्याने. टाचणी फक्त मायेत, कारण रेशमात तिची भोकं राहतात. इस्त्री मंद, जरीवर सुती फडका टाकून. आणि आधी मांजरपाटाचं, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचं, एक अख्खं ब्लाउज शिवून, घालून बघायचं. तो पीस साडीबरोबर एकदाच येतो. मी मांजरपाट नेहमी दोन-तीन मीटर घरात ठेवते, त्यालाही मी साधनच मानते.

कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या दोऱ्याने बांधणारं ओव्हरलॉक मशीन आत्ता घेऊ नका. पिको-फॉलच्या बऱ्याच दुकानांत कडा इंटरलॉक करून मिळतात. फ्रेंच कर्व, म्हणजे गोलाई आखायची वळणदार पट्टी, तीसुद्धा पहिल्या पाच-सहा कपड्यांपर्यंत लागत नाही, तुम्हाला बसणाऱ्या जुन्या कुर्त्याचा मुंढा कागदावर उतरवून घ्या.

नाशिकमध्येच असाल तर रविवार कारंज्याला उतरून मेन रोडने चालत जा, आतल्या गल्ल्यांतही बघा. दोऱ्यासाठी कापडाची चिंधी सोबत हवीच, आणि रंग दुकानाच्या दिव्याखाली जुळवू नका, बाहेर उन्हात येऊन जुळवा. रिळ थोडं गडद चालतं, फिकं उठून दिसतं. दोन्ही हातांत धरून दोरा झटकन तोडून बघा. सहज तुटला तर ठेवून द्या.

फ्रॉकसाठी पहिलं कापड केंब्रिक किंवा पॉपलीन घ्या, सुळसुळीत काही नको. बेतण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. मुलीचं माप घेताना ती श्वास रोखून ताठ उभी राहील, सगळीच मुलं राहतात. तिला काहीतरी बोलतं ठेवा आणि मगच टेप लावा. बाजूंना एक इंच आणि खाली घेराला तीन इंच माया ठेवा, पुढच्या वर्षी सोडता येईल. कुर्त्याच्या मुंढ्याशी अडलात तर मापं लिहून कळवा, बघून सांगते.